घरात चार माणसं, सगळे बादलीनंच आंघोळ करतो, तरी संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी. अजून कुठे पाणी वाचवू? (खारघर)

आंघोळीत आणखी काटकसर करू नका. चार माणसांनी बादलीनं आंघोळ करूनही टाकी पुरत नसेल, तर पाणी आधी दुसरीकडे कुठे जातंय ते बघा.

आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या घरात राहतो, टाकी लॉफ्टवर. एका रात्री झोपताना टाकीत पाणी कुठवर आहे तिथे खडूनं खूण केली आणि कोणीही नळ उघडायचा नाही असं ठरवलं. सकाळी पाणी चार बोटं खाली! नळ एकही ठिबकत नव्हता. मग फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग टाकला, फ्लश न करता वीस मिनिटं थांबलो, तर भांड्यात लाल ओघळ. सायफनचं वॉशर झिजलं होतं. ही गळती आवाज करत नाही, दिसतही नाही, आणि रात्रंदिवस चालू असते. वॉशर बदलायला प्लंबरला दहा मिनिटंही लागली नाहीत. तुमची टाकी सोसायटीच्या गच्चीवर असेल तर खुणेचं सोडा, रंगाचं नक्की करून बघा.

जुना फ्लश एका वेळी दहा लिटरच्या आसपास पाणी घेतो. बदलायचा झालाच तर दोन बटणांचा घ्या. तोवर पाण्यानं भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली आत उभी ठेवा, दर फ्लशला तेवढं वाचतं.

पाणी शुद्ध करायचा आरओ फिल्टर आहे का? एक लिटर पिण्याचं पाणी देताना तो साधारण तीन लिटर फेकतो. खारघरला हेटवणे धरणाचं पाणी येतं, आमच्याकडे मोरब्याचं. धरणाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी, त्याला सहसा आरओ लागत नाही, नुसते जंतू मारणारा यूव्ही फिल्टर पुरतो. टँकर येत असेल तर मात्र आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. आरओनं फेकलेलं पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरा. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साठतात.

आणि एक सवय, जी मला सगळ्यात जास्त खुपते: ताजं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देणं. झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. (डासांसाठी पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून, घासून कोरडं ठेवायचं, ते वेगळं.) आमच्या आईला हे पटायला दोन वर्षं लागली. आता कालच्या कळशीतलं पाणी ती आधी तांदूळ धुवायला घेते आणि ते धुवण तुळशीला घालते.