लायबिलिटी विम्यात एक्सेस 50 हजारांचा घ्यावा की 2 लाखांचा?

तुम्ही विचारलंय ते असं: बडोद्यात ऑफिसांच्या इंटिरिअरची कामं घेता, अलकापुरीतल्या नव्या पार्टीने लायबिलिटी पॉलिसी मागितली, ब्रोकरने दोन कोटेशनं आणून दिली. 50 हजारांच्या एक्सेसला 38 हजार प्रीमियम, 2 लाखांच्या एक्सेसला 29 हजार. हा एक्सेस म्हणजे नक्की काय आणि दोन्हींतलं कुठलं घ्यावं?

मी विम्याच्या धंद्यातला नाही. मकरपुरा जी.आय.डी.सी.त, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, माझं शेड उभारणीचं काम आहे, सतरा वर्षं झाली. पण याच एका ओळीने माझे 1 लाख 18 हजार गेलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अर्थ. तुमच्या कामामुळे तिऱ्हाइताचं नुकसान झालं आणि भरपाई तुमच्यावर आली, तर त्यातला पहिला ठरावीक हिस्सा तुम्ही पदरचा भरायचा, उरलेला कंपनीने. हा पहिला हिस्सा म्हणजे एक्सेस. काही पॉलिसींत त्यालाच डिडक्टिबल म्हणतात. 3 लाखांचा दावा मंजूर झाला आणि एक्सेस 50 हजार असला, तर कंपनी अडीच लाख देणार. आपल्याला ही भानगड गाडीच्या विम्यामुळे थोडीफार माहीत असते. खासगी कार 1500 सी.सी.पर्यंत असेल तर 1,000 रुपये, त्यावर 2,000 रुपये सक्तीचे कापले जातात. पण ती कपात आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीतून होते. आपल्या गाडीने कुणाला इजा झाली तर त्या माणसाच्या भरपाईला ती लागत नाही. त्यामुळे माझा समज असा होता की दुसऱ्याच्या नुकसानीत एक्सेस नसतोच. धंद्याच्या लायबिलिटीत तो असतो.

आता माझी गोष्ट. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, सगळे शेडचं रंगकाम उरकून घेतात. आम्ही एका कारखान्याच्या ट्रसला, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्याला, स्प्रेने रंग मारत होतो. दुपारी नैर्ऋत्येकडून वारा सुटला. पोरांनी ताडपत्री बांधली होती, पण एका बाजूने ती सुटली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी शेजारच्या प्लॉटमधले लोक सुटले तेव्हा त्यांच्या अकरा गाड्यांवर राखाडी रंगाची बारीक खरखर बसलेली. हात फिरवला की कळायचं. एका मुलीची गाडी तर आठवड्यापूर्वीच शोरूममधून आली होती. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

चूक आमची होती, त्यावर वाद नव्हता. शिवाय पॉलिसी होती, एक्सेस 25 हजार, आणि स्प्रेचा रंग उडण्याला त्यात बंदी नव्हती (काही पॉलिसींत असते, रंगकाम करणाऱ्यांनी बघून घ्यावं). मी हिशेब केला: प्रत्येक गाडीच्या रबिंग-पॉलिशला 8 ते 14 हजार, सगळे मिळून 1 लाख 18 हजार. 25 आपले, 93 कंपनीचे.

कंपनीकडून शून्य आलं. शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीतल्या तपशिलाच्या तक्त्यात, एक्सेसच्या पुढे ‘प्रत्येक दाव्यासाठी’ असं लिहिलं होतं. अकरा माणसं म्हणजे अकरा दावे, आणि एकही दावा 25 हजारांच्या वर नाही. तिथे ‘प्रत्येक घटनेसाठी’ असे शब्द असते तर वारा एकच, दुपार एकच, एक्सेसही एकदाच कापला गेला असता. नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर भला माणूस होता, त्याने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. भांडायला काही उरलंच नव्हतं. मी पॉलिसी घेताना वरच्या मर्यादा पाहिल्या होत्या, एका अपघाताला किती आणि वर्षभरात किती, आणि त्यांच्या खालची ओळ सोडून दिली होती.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या कामात असंच होण्याची शक्यता माझ्यापेक्षा जास्त आहे. समजा चौथ्या मजल्यावर फॉल्स सीलिंगसाठी ड्रिल मारताना भिंतीतली पाण्याची लाइन फुटली. शनिवार संध्याकाळ, सगळे घरी गेलेले. पाणी तिसऱ्या, दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसांत उतरलं. एकाचे कॉम्प्युटर गेले 1 लाख 60 हजारांचे, दुसऱ्याचं फर्निचर 90 हजारांचं, तिसऱ्याच्या फाइली आणि गालिचा मिळून 40 हजार. एकूण 2 लाख 90 हजार. एक्सेस 50 हजार आणि घटनेवर असेल, तर कंपनी 2 लाख 40 हजार देईल. तोच 50 हजार प्रत्येक दाव्यावर असेल, तर 1 लाख 10 अधिक 40, म्हणजे दीड लाखच. 2 लाखांचा एक्सेस घटनेवर घेतलात तर 90 हजार मिळतील आणि दाव्यावर घेतलात तर काहीच नाही. आकडा एकच, पण पुढच्या दोन शब्दांनी हिशेब किती बदलतो बघा. तुमच्या दोन्ही कोटेशनांत हे शब्द काय आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाहीत. प्रीमियमची तुलना त्यानंतर करा.

दुसरी विचारायची गोष्ट वकिलाची फी. पॉलिसी बहुधा कोर्टातल्या बचावाचा खर्चही देते. पण एक्सेस त्या खर्चालाही लागतो की फक्त भरपाईला, हे वेगवेगळं असतं. लागत असेल तर दावा खोटा ठरला तरी सुरुवातीच्या तारखांचे पैसे तुमच्याच खिशातून जाणार. तसंच तो खर्च एकूण मर्यादेतून वजा होतो की मर्यादेच्या वर मिळतो, तेही एका ईमेलमध्ये लिहून घ्या.

आता तुमचे 38 आणि 29. फरक वर्षाला 9 हजार. त्यावरचा 18 टक्के जी.एस.टी. धरू नका, नेहमीच्या नोंदणीत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जी.एस.टी.तून तो वजा होतो. या 9 हजारांसाठी तुम्ही दीड लाखाची जादा जोखीम अंगावर घेताय. म्हणजे 50 हजारांच्या वरचा एकही दावा न येता जवळजवळ सतरा वर्षं जायला हवीत, तेव्हा कुठे बरोबरी. तुमच्या कामात पाणी, वीज आणि दुसऱ्याची भरलेली ऑफिसं रोज आहेत. मी तुमच्या जागी असतो तर 50 हजारांचा घेतला असता. प्रीमियम 38 वरून 20 वर येत असता तर विचार केला असता, आणि तोही 2 लाख बाजूला ठेवलेले असते तरच. दावा आला त्याच आठवड्यात सुतारांचा पगारही असतो.

पार्टीची वर्क ऑर्डरही वाचा. एक्सेस किती असला तर चालेल याची अट काही जण घालतात. आणि मोठ्या साइटवर मुख्य कॉन्ट्रॅक्टर ‘विमा आमचा आहे’ असं सांगून एक्सेसची रक्कम छोट्या कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून कापून घेतात. तसं कलम असेल तर तो आकडाही तुमच्या हिशेबात आला पाहिजे.

एक चूक मी नंतर करता करता वाचलो. आमच्या साइटवर एक कुरिअरवाला पाय घसरून पडला. प्लास्टर, औषधं मिळून 18 हजार. एक्सेसच्या आतली रक्कम, कंपनीला कशाला कळवायचं, असं वाटलं. ब्रोकरने कळवायला लावलं. पाच महिन्यांनी त्याच माणसाची वकिलामार्फत 6 लाखांची नोटीस आली. आधी कळवलेलं नसतं तर उशिरा कळवलं या मुद्द्यावर कंपनी हात वर करू शकली असती. त्यामुळे रक्कम लहान असली तरी लेखी कळवून ठेवा. आणि कंपनीला विचारल्याशिवाय ‘आमची चूक झाली, भरून देतो’ असं लिहून देऊ नका, परस्पर पैसेही देऊ नका. पॉलिसीत तशी अट असतेच. माणुसकीने दवाखान्यात नेणं यात येत नाही, ते जरूर करा.

(तुमच्या स्वतःच्या कामगाराला लागलं तर ही पॉलिसी उपयोगाची नाही, त्यासाठी कामगार भरपाईची वेगळी लागते.)

रंगाच्या प्रकरणात अकराही गाड्या मीच करून दिल्या, त्या मुलीची सगळ्यात आधी. पुढच्या रिन्युअलला ब्रोकरला सांगून शब्द बदलून घेतले: एकाच कारणाने उद्भवलेले सगळे दावे मिळून एक घटना धरावी आणि एक्सेस एकदाच लागावा. प्रीमियम 2,100 रुपयांनी वाढला. हेच वाक्य तुमच्या ब्रोकरकडे मागा आणि कंपनीचं उत्तर लेखी आलं की त्यातली एक्सेसची ओळ जशीच्या तशी इथे टाका, मी वाचून सांगतो.