जमीन कोरडी, मग ऑइल गेलं कुठे?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी 2008 सालची आहे. मी दुसरा मालक. 96 हजार किलोमीटर झाले. गेल्या दिवाळीपासून 1,400 किलोमीटरमध्ये एक लिटर इंजिन ऑइल वरून टाकावं लागलं. गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी असते. खाली पुठ्ठा टाकून पाहिला, चार दिवसांत एक थेंब पडला नाही. धूरही दिसत नाही. नवल म्हणजे शेतात नि बाजारात फिरताना ऑइल कमी होत नाही, पण आईला डोळे दाखवायला नागपूरला नेऊन आणलं की डिपस्टिकवर एकदम खाली जातं. आमचे मिस्तरी म्हणतात, इंजिन उतरवा, रिंग-पिस्टन टाका, 35 हजार लागतील. आंबिया बहाराचे पैसे अजून यायचे आहेत. काय करू? की विकूनच टाकू? – एक संत्रा बागायतदार, चांदूर बाजार तालुका

उत्तर : भाऊ, पुठ्ठा टाकून पाहिलात, तिथंच अर्धं काम झालं. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक गाडीच्या आधी मिस्तऱ्यावर संशय घेऊन येतात. गळती नाही असं धरू. तरी एकदा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहा (इंजिन थंड असताना, नाहीतर तोंड भाजेल). आणि घाटात गाडी तापल्यावर बोनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो का तेही पाहा. गरम सायलेन्सरवर पडणारा थेंब पुठ्ठ्यापर्यंत पोचतच नाही.

हे दोन्ही नसेल, तर ऑइल इंजिनच्या आत जळतंय. मग धूर का दिसत नाही? तुमच्याकडे बागेत फवारणीचा पेट्रोल पंप असेलच. त्यात लिटरभर पेट्रोलला 20 ते 40 मिली ऑइल मिसळता, तेव्हा तो निळा धूर नि तो ओळखीचा वास येतो. आता तुमच्या गाडीचा हिशेब करा. 1,400 किलोमीटरला एक लिटर, आणि गाडी लिटरला 15 किलोमीटर देते असं धरलं तर पेट्रोलच्या लिटरमागे दहा-अकरा मिली ऑइल जळतंय. पंपाच्या निम्मं किंवा चौथाई. वर गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो गरम झाला की त्यातलंही बरंच जाळून टाकतो. म्हणून मागच्याला काही दिसत नाही.

गावात कमी होत नाही नि नागपूरला गेलं की होतं, हे तुम्ही नवल म्हणून लिहिलंत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ हीच आहे. घर ते शेत तीन-चार किलोमीटर. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं, त्यातलं थोडं न जळता रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, थोडी वाफही पाणी होऊन मिसळते. म्हणजे ऑइल जळत असतं आणि त्याची जागा पेट्रोल-पाणी भरून काढत असतं. पट्टीवर पातळी तीच दिसते. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यासारखं. हायवेला तीन-चार तास इंजिन तापलं की ते पाणी नि पेट्रोल उडून जातं आणि खरी पातळी उघडी पडते. तुम्हाला वाटतं नागपूरच्या वाटेत ऑइल गेलं. गेलं ते गावातच. म्हणूनच, ऑइलचा वास घेऊन पाहा. पेट्रोलचा वास येत असेल तर पातळी कितीही चांगली दिसो, ते ऑइल बदलायला झालं आहे.

आता जळतंय कुठून. वरून किंवा खालून, मुख्य वाटा दोन. वरून म्हणजे व्हॉल्व सील. हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, व्हॉल्वच्या दांडीवर रबराची छोटी टोपी असते, ऑइल दांडीवरून खाली सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून. हे रबर किलोमीटरनं जितकं झिजतं, त्याहून जास्त इंजिनच्या उष्णतेनं नि वर्षांनी कडक होतं. 2008 ची गाडी नि 96 हजार, म्हणजे गाडी कमी चालली, पण सील मात्र पुरतं म्हातारं झालं. खालून म्हणजे पिस्टनची रिंग. तीन रिंगांतली शेवटची ऑइल रिंग भिंतीवरचं तेल खरवडून परत खाली पाठवते. तिच्या खाचेत कार्बन साठला की ती चिकटून बसते, खरवडत नाही. ऑइल बदलायला उशीर करणं आणि तेच ते थोडं-थोडं फिरणं, या दोन्हींमुळे कार्बन साठतो. आमच्याकडची तिसरी गोष्ट म्हणजे धूळ. पांदणीच्या धुळीत एअर फिल्टरची क्लिप ढिली राहिली, तर सिलिंडरची भिंत पॉलिश पेपरनं घासल्यासारखी झिजते. फिल्टर उघडून पाहा, पलीकडच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला माती लागली तर बाकीचं वाचायची गरज नाही, मिस्तरी म्हणतो तेच खरं निघण्याची शक्यता जास्त.

सील की रिंग, हे गाडी स्वतःच सांगते. सकाळी पहिला स्टार्ट मारताना मागे कोणालातरी उभं करा. एक निळा भपका निघून नाहीसा झाला, तर सील. रात्रभर थेंब-थेंब उतरून साठलेलं ते ऑइल. दुसरी परीक्षा तुमच्या हाताशी आहे. चिखलदऱ्याहून धामणगाव गढीकडे उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर सोडून या. मागून मोटारसायकलवर कोणीतरी बघत असू द्या. पाय सोडल्यावर आत हवेची वाट बंद होते, इंजिन ओढ घेतं आणि त्या ओढीनं सीलमधून ऑइल खेचलं जातं. खाली सपाटीवर ॲक्सिलेटर दाबल्याबरोबर निळा धूर सुटला तर बहुतेक सीलच. चढावर जोर देताना सतत निळा धूर असेल तर रिंगकडे बोट जातं. काळा धूर वेगळा, तो पेट्रोल जास्त जातंय म्हणून.

तिसरी वाट लोक विसरतात, मीही विसरलो होतो. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढायला ब्रीदर पाइप नि त्यात एक छोटा व्हॉल्व असतो. तो उघडाच अडकला तर ऑइल सरळ इंजिनच्या नाकात ओढलं जातं, बंद अडकला तर पोटात फुगा भरतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं. परतवाड्याला गॅरेज टाकून मला थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा एका मास्तरांची गाडी आली, ऑइल पिते म्हणून. मी सरळ रिंगा टाकल्या. महिन्यानं मास्तर परत आले, काही न बोलता डिपस्टिक काढून माझ्या हातात दिली. व्हॉल्व काढून हलवून पाहिला तर खुळखुळला नाही. काही शेचा तो व्हॉल्व, आणि मी त्यांचं अख्खं इंजिन उघडलं होतं. मजुरी परत केली. पण मास्तरांच्या नजरेचं काय?

म्हणून 35 हजारांच्या आधी हे करा. ब्रीदर पाइप नि व्हॉल्व काढून साफ करवा, खराब असेल तर बदला. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण उघडा, तोंडावर पातळ प्लास्टिक धरा. हलकंसं आत ओढलं गेलं तर ठीक, भसभस बाहेर फेकलं तर रिंगांतून दाब खाली उतरतोय. चारही प्लग काढून एका ओळीत ठेवा. एखादाच ओला, काळा, तेलकट असेल तर त्या एका सिलिंडरचा प्रश्न आहे. मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. एखाद्या सिलिंडरचं कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत घ्यायला सांगा. वाढलं तर रिंग. पण कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून ऑइल रिंग निर्दोष सुटत नाही. दाब धरायचं काम वरच्या दोन रिंगांचं, चिकटलेली तिसरी या टेस्टमध्ये पकडली जात नाही. ही गोष्ट मिस्तऱ्याला नम्रपणे सांगा, नाहीतर तो म्हणेल मासिकवाल्याला काय कळतं.

सील निघालं तर बऱ्याच इंजिनांत हेडही उतरवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून हवा भरून व्हॉल्व वर धरून ठेवतात आणि वरूनच सील बदलतात. सील स्वस्त, पैसे मजुरीचे. चिकटलेल्या रिंगेला आधी औषध देऊन पाहता येतं. पिस्टनवर साफ करायचं लिक्विड सोडून रात्रभर मुरू द्यायचं, आणि पुढचे दोन ऑइल बदल दर तीन हजार किलोमीटरला करायचे. कधी सुटते, कधी नाही. ट्रकचं जाडजूड ऑइल टाका असं चहाच्या टपरीवर कोणी सांगेल. गाडीच्या पुस्तकात तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असतो, त्याच्या आत राहून एक पायरी जाड चालेल, त्यापुढे नाही.

विकायचं विचारलंत. काही कंपन्यांच्या पुस्तकात हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल जाणं चालतं असं लिहिलेलं असतं, तुमचं त्याहून कमी आहे. एवढ्यासाठी गाडी कोणी मातीमोल भावात मागेल, देऊ नका. डिकीत त्याच ग्रेडची बाटली ठेवा. दर रविवारी एकाच सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघा. खालच्या खुणेपर्यंत जाऊ देऊ नका. लाल ऑइल लाइटवर विसंबू नका, तो दाबाचा दिवा आहे, पातळीचा नाही. तो पेटला तेव्हा बेअरिंग कोरडं पडायला लागलेलं असतं, आणि मग 35 हजारांतही भागत नाही. नुसतं टाकत राहण्याची किंमत मात्र आहे. प्लग लवकर खराब होतात आणि ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरवर बसत जातो. तो गेला की पीयूसीला अडचण.

सकाळच्या भपक्याचं नि घाटाचं काय निघालं ते कळवा, सोबत चार प्लगचा फोटो, कोणता कोणत्या सिलिंडरचा ते लिहून. तोवर मिस्तऱ्याला हेडचा एकही नट ढिला करू देऊ नका.