सोलापुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला गावाच्या उपयोगी पडेल असा कोणता प्रोजेक्ट घ्यावा?

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या छतावरचं पाणी साठवायचा घ्या. हिशोब सोपा आहे: छत १०० चौरस मीटर, पाऊस ५०० मिमी धरला आणि त्यातलं ८० टक्के पाणी हाती लागलं, तर वर्षाला ४०,००० लिटर. खरी परीक्षा टाकीच्या पायाची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय ठेवाच, छतावरची सगळी घाण त्यातच उतरते.

आणि ड्रॉइंगला हात लावण्याआधी एक दिवस शाळेत बसा. आमच्या गटाने नळ मोठ्या माणसाच्या उंचीवर दाखवले होते. पहिलीतली मुलगी टाचा उंचावून उभी राहिली, तरी तिचा हात पोचेना. नळ दीड फूट खाली आणले.