अवकाशयानातल्या चिपची रेडिएशन चाचणी करणारा इंजिनिअर नेमकं काय करतो?

चिप मुद्दाम बिघडवतो आणि ती कधी, कशी बिघडते ते मोजतो.

कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली ठेवून हळूहळू किरणोत्साराचा डोस साचवायचा, हा एक भाग. तो तसा कंटाळवाणाच. खरी धावपळ जड आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित जड अणूंच्या चाचणीत. एकच आयन आरपार गेला तरी मेमरीतल्या ० चा १ होऊ शकतो, किंवा लॅच-अप होऊन, म्हणजे चिपच्या आत शॉर्टसारखी वाट उघडून, करंट एकदम उसळतो. वीज लगेच तोडली नाही तर चिप जळू शकते.

मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात पेलेट्रॉन प्रवेगक, म्हणजे आयनांना प्रचंड वेग देणारं यंत्र, आहे. अशा यंत्रातले जड आयन सिलिकॉनमध्ये जेमतेम काही दहा मायक्रॉन शिरतात, म्हणून आधी अ‍ॅसिडने चिपचं प्लास्टिक कवच काढावं लागतं. हात बसेपर्यंत दोन-चार चिप मरतातच! बीमची, म्हणजे आयनांच्या झोताची, वेळ ठरलेली, त्यामुळे जागरणंही आलीच.

जमिनीवरही हा त्रास आहे. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेकला निवडणुकीच्या इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराच्या खात्यात ४०९६ मतं जादा निघाली. हा आकडा म्हणजे २ चा १२ वा घात, म्हणून संशय मेमरीतल्या ० चा १ झालेल्या एका बिटवर गेला.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, या कामात यायचं असेल तर सेमीकंडक्टर फिजिक्स पक्कं करा आणि टेस्ट बोर्ड स्वतः बनवायला शिका.