मुलगा अमेरिकन झाला, मग आपला राहिला का?

प्रश्न: मुलानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. भावकीतले म्हणतात तो आता भारतीय नाही, जमिनीवरचं नाव पण जाणार. खरंय का?
(एक वाचक, विटा, जि. सांगली)

उत्तर: काका, कागदापुरतं भावकीचं अर्धं बरोबर आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की आपलं संपतं, पासपोर्ट पण सरेंडर करावा लागतो. त्याला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते) काढायला सांगा, आयुष्यभर येता-जाता येतं, फक्त मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली मात्र ठेवता येते, त्यामुळे ती काळजी सोडा.

आता आपला राहिला का, हे कायदा नाही ठरवत. तुमच्या भागातलेच गलाईवाले बघा ना, सोनं-चांदी गाळायला पार केरळ-तमिळनाडूपर्यंत गेले, पोरं तिथंच शिकली, तिथली भाषा बोलायला लागली तरी गावात त्यांना कोण परकं म्हणतं? देश तोच होता हे मान्य, पण लिओ वराडकरांचं काय, वडील मालवणजवळच्या वराडचे, हे 2017 ला आयर्लंडचे पंतप्रधान झाले, पूर्ण आयरिश माणूस, तरी 2019 ला वराडला आले तेव्हा गावानं कौतुकच केलं की.

मुलानं तिथं मत द्यावं, तिथल्या लोकांत मिसळावं, मला तर हे योग्यच वाटतं, जिथं राहतो तिथलं व्हायलाच पाहिजे माणसानं. तुम्ही नातवंडांशी फोनवर मराठीत बोलत रहा, आणि भावकीला कलम 9 खुशाल वाचून दाखवा.