जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर कानासमोर दुखतं, सांधा सरकला असेल का?

प्रश्न : माझ्या मुलीचा (वय 22) खालचा जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे झाले. डाव्या कानासमोर दुखतं, चावताना ‘कट’ असा आवाज येतो, तोंडात जेमतेम दोन बोटं जातात. सांधा जागेवरून सरकला असेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सांधा सरकला की दुखण्याआधी दात ते सांगतात. या शस्त्रक्रियेत जबड्याचं हाड दोन्हीकडे दाढांच्या मागे चिरून दातांचा भाग पुढे घेतात. कानासमोरच्या खोबणीत बसणारं गोल टोक, म्हणजे कॉन्डाइल, मागच्या तुकड्याबरोबर राहतं. भुलीत स्नायू सैल पडलेले, रुग्ण उताणा. अशा वेळी ते टोक नीट न टेकता प्लेट-स्क्रू बसले, तर शस्त्रक्रियेपुरते एकमेकांना बांधलेले वरचे-खालचे दात सोडताच टोक खोबणीत परततं, जबडा मागे जातो आणि पुढच्या दातांत फट पडते. हे बहुधा ऑपरेशनच्या टेबलावर किंवा पहिल्या काही दिवसांतच दिसतं. दोन्हीकडच्या दाढा आजही एकदम टेकत असतील, तर सांध्यातली सूज आणि इलॅस्टिकमुळे (वरचे-खालचे दात जोडून ठेवणारी रबरं) आखडलेले स्नायू हेच कारण असण्याची शक्यता जास्त. नुसता आवाज, दुखणं नाही, तर त्याच्या मागे लागू नका.

व्यायाम सर्जनची परवानगी घेऊनच. इलॅस्टिक स्वतःहून काढू नका. ओल्या गरम फडक्याने दहा मिनिटं शेक द्या. मग अंगठा वरच्या, तर्जनी खालच्या पुढच्या दातांवर ठेवून हळूच ताण द्या, पाच-सात सेकंद धरा. असं पाच वेळा, दिवसातून चारदा. आरशासमोर करा : हनुवटी डावीकडे वळत असेल तर डावा सांधा पुढे सरकत नाहीये. ताण जाणवायला हवा, पण दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर जोर जास्त झाला. दर रविवारी पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजून लिहा. साधारण 40 मिमी गाठायचे आहेत. आकडा सावकाश का होईना, वाढत राहिला की झालं. भाकरी दुधात कुस्करून. चणे, सुपारी, च्युइंगगम सध्या नको.

आकडा दोन-तीन आठवडे अडला, चावा बदलला, ताप किंवा पू आला, तर लगेच सर्जनकडे जा. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) सोबत न्या, तुलना त्याच्याशीच करायची असते. टोकाची जागा सीबीसीटीत (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) दिसते. सांध्याच्या आतली मऊ चकती मात्र एमआरआयशिवाय दिसत नाही.

आणखी एक, कारण मुलगी तरुण आहे : काही जणींत, विशेषतः मुळात जबडा लहान असलेल्यांत, हे टोक काही महिन्यांनी झिजू लागतं आणि पुढची फट हळूहळू पुन्हा उघडते. दुखतंच असं नाही. म्हणून दोन वर्षं तरी तपासणी चुकवू नका.