घरात ठेवायला ऑर्किड लहान रोप घ्यावं की फुलांवर आलेलं मोठं झाड?

तुम्ही लिहिलंय की पर्वरीला फ्लॅट आहे, बाल्कनी पश्चिमेची, ऑर्किड पहिल्यांदाच घेताय, बजेट हजारभर रुपये, आणि तेवढ्यात ऑनलाइन पाच लहान रोपांचा सेट येतो किंवा नर्सरीतलं फुलांनी भरलेलं एक मोठं झाड येतं, तर काय घ्यावं. माझं म्हणणं, पहिलं झाड मोठंच घ्या, पण फुलं संपत आलेलं किंवा संपलेलं घ्या. लहान रोपं दुसऱ्या वर्षी. असं का ते जरा सविस्तर सांगते, कारण "लहान घ्या, स्वस्त पडतं आणि घराची सवय होते" हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो खोटा नाहीये पण गोव्याच्या पावसात आणि पहिल्यांदा लावणाऱ्याच्या हातात तो महागात जातो.

मी फोंड्याला राहते, ऑर्किड ठेवायला लागून अकरा वर्षं झाली. सुरुवात अशीच पाच रोपांनी केली होती, फॅलेनॉप्सिस या जातीच्या ऑर्किडची, मे महिन्याच्या शेवटी कुरियरने आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, प्रत्येकाला बोटाएवढी तीन-तीन पानं आणि शेवयांसारखी चार मुळं. मी पाचही रोपं चार इंची कुंडीत लावली, म्हटलं जागा जास्त दिली की भराभर वाढतील. आठवड्याभरात पाऊस सुरू झाला, झड आत येते म्हणून खिडक्या बंद, घरात दोरीवर कपडे वाळतायत, हवा अशी की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, आणि त्या एवढ्याशा मुळांच्या भोवती ओलं मिश्रण चार-चार दिवस सुकत नव्हतं. जुलैमध्ये एका सकाळी एकाचं मधलं पान पिवळसर दिसलं म्हणून बोट लावलं तर ते अलगद वरच आलं, बुडाशी तपकिरी पाणी आणि कुजलेल्या कांद्यासारखा वास. चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, चार रोपं गेली. पाचवं वाचलं कारण ते मागच्या दाराच्या ग्रिलला वाऱ्यात टांगलेलं होतं. त्याला पहिलं फूल यायला पुढे जवळजवळ तीन वर्षं गेली.

ही तीन वर्षं म्हणजे माझी हयगय नव्हती, तेवढी लागतातच. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात पोटाला पुरेल असा अन्नाचा साठाच नसतो, जंगलात ते एका बुरशीच्या आधाराने रुजतं. बुरशीशिवाय नुसत्या साखर घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर ते बाटलीत रुजवता येतं हे अमेरिकेत लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवलं आणि मग ऑर्किडची शेती सुरू झाली असं म्हटलं तरी चालेल. आजही रोपं, बियाची असोत की टिश्यू कल्चरची, बाटलीतच वाढतात. म्हणजे तुमच्या हातात येणारं दोन इंची रोप काही महिन्यांपूर्वीपर्यंत काचेच्या आत, भरपूर दमट हवेत, आयती साखर पीत बसलेलं होतं. बाहेर काढल्यापासून फॅलेनॉप्सिसला फुलायला साधारण दोन-तीन वर्षं, आणि कॅटलिया ही दुसरी जात बियापासून धरली तर चार ते सात. तेवढा वेळ रोपाकडे शिल्लक काहीच नसतं. डेंड्रोबियम या जातीच्या मोठ्या झाडाच्या काठ्यांमध्ये, म्हणजे काठीसारख्या जाड खोडांमध्ये, पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तरी ते सांभाळून घेतं, एखादी चूक पोटात घालतं. लहान रोप उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं की सुकतं आणि पावसात दोन दिवस जास्त झालं की कुजतं. आणि पहिल्या वर्षी आपल्या हाताला पाण्याचा अंदाज नसतोच, तो झाडावरच शिकावा लागतो, मग शिकताना ते सहन करू शकणारं झाड हवं.

आता मोठं पण फुलांवर नको, असं का म्हणते. फुललेलं फॅलेनॉप्सिस बहुतेक बाहेरच्या पॉलिहाऊसमधून येतं, तिथे तापमान, ओल, खत सगळं मोजून दिलेलं असतं. तिथून गाडीत, दुकानात, मग आपल्या हॉलमध्ये पंख्याखाली, आणि त्याच वेळी त्याची सगळी ताकद फुलं धरून ठेवण्यात चाललेली. तुम्हाला वाटतं झाड मस्त आहे कारण फुलं दिसतायत, पण फुलं कापलेल्या दांड्यावरही कितीतरी दिवस टिकतात, त्यावरून मुळांचं काहीच कळत नाही. मी एकदा एका नर्सरीतून पांढरं फॅलेनॉप्सिस आणलं, बारा-तेरा फुलं, पानं चकचकीत. दीड महिन्यात पानं चामड्यासारखी लोळायला लागली. पाणी कमी पडतंय वाटून मी अजून घातलं. शेवटी कुंडीतून काढलं तर बाहेरून कोरडा दिसणारा मॉस, म्हणजे कुंडीत भरलेलं सुकं शेवाळ, आत पिळून पाणी निघेल असा ओला, आणि बरोबर मधोमध अंगठ्याएवढी काळी प्लास्टिकची जाळीची वाटी, ते झाड बाळ होतं तेव्हाची, तशीच्या तशी. त्या वाटीतली सगळी मुळं काळी पडून पोकळ झालेली, ओढलं की साल हातात आणि आत फक्त दोरा. वाटी कात्रीने कापून काढली, मेलेली मुळं छाटली, सोडणाच्या (नारळाच्या सालाच्या) आणि कोळशाच्या तुकड्यांत लावलं, वाचलं. पण फुलं असताना हे करायला कुणाचा हात धजत नाही, आणि तोवर उशीर होतो. म्हणून फुलं संपलेलं झाड घेतलं की घरी आणल्याआणल्या काढून बघता येतं, शिवाय नर्सरीवाले ते पुष्कळ कमी पैशात देतात कारण गिऱ्हाईक त्याकडे बघत नाही. रंग कळत नाही ही अडचण खरी. मग फुलं असतानाचा फोटो मागा, किंवा शेंड्याकडची शेवटची एक-दोन फुलं शिल्लक असलेलं निवडा. निळं फॅलेनॉप्सिस दिसलं तर सोडून द्या, तो इंजेक्शनने भरलेला रंग असतो, पुढच्या वेळी पांढरी फुलं येतात.

कळ्यांचं झाड आणलंच तर अजून एक सांगते. पिकणाऱ्या फळांमधून इथिलीन वायू निघतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. आमच्याकडे एका चवथीला मी हौसेने कळ्यांनी भरलेलं डेंड्रोबियम देवापुढे ठेवलं, वर माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात त्या चौकटीला, केळ्यांचा घड, पेरू, तोरिंगण, चिबूड, सगळं पिकत आलेलं, बाजूला धूप. पाचव्या दिवशी विसर्जनानंतर बघते तर अर्ध्या कळ्या खाली. तेव्हापासून आमच्या घरात आंब्याची आढी आणि ऑर्किड एका खोलीत नसतात.

बघायचं काय तर आधी मुळं, मग पानं, फुलं सगळ्यात शेवटी. कुंडी पारदर्शक असेल तर सोपं, नसेल तर विक्रेत्याला विचारून जरा बाजूचं मिश्रण हलवून बघा. सुकं असताना मुळं रुपेरी-राखाडी आणि पाणी घातलं की हिरवी होतात, दाबली तर टणक लागतात, आणि टोकाला हिरवं किंवा लालसर चकाकतं टोक असेल तर झाड वाढतंय. डेंड्रोबियम घेताना काठ्या मोजा, निदान तीन-चार हव्यात, आणि सगळ्यात नवी काठी आधीच्या काठीपेक्षा उंच आणि जाड असली पाहिजे. नवी काठी जुनीपेक्षा बारीक म्हणजे झाड उतरणीला लागलंय, कितीही फुलं असोत, घेऊ नका. पानं झडलेल्या जुन्या काठ्या मात्र मेलेल्या नसतात, त्यांत साठा असतो, त्यांवरही कधीकधी फुलं येतात, त्या छाटू नका. फॅलेनॉप्सिसला चार-पाच तरी जाड पानं आणि मधला कोंब कोरडा, निरोगी. पानं गर्द काळपट हिरवी असली तर लोक खूश होतात पण तो उजेड कमी पडल्याचा रंग आहे, कोवळ्या गवतासारखा हिरवा बरा.

जात कुठली, तर गोव्यात पहिलं झाड डेंड्रोबियमच घ्या, ते जांभळं-पांढरं, हॉटेलात आणि लग्नाच्या स्टेजवर दिसतं ते. त्याला आपला उकाडा मानवतो. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढायला थोडा गारवा लागतो, सतत २८ अंशांच्या वर राहिलं की ते पानंच काढत बसतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा विशीच्या आसपास उतरतो तेव्हा मी ते पूर्वेच्या उघड्या खिडकीत ठेवते आणि जानेवारीच्या शेवटी दांडा दिसायला लागतो. काही जण बेडरूममध्ये एसीचा गारवा देतात, चालतं, फक्त वारा थेट अंगावर नको. डेंड्रोबियमला मात्र खरं "इनडोअर" म्हणजे हॉलचा कोपरा पुरत नाही, रोज चार-पाच तास सौम्य ऊन लागतं. गोव्यातल्या फ्लॅटला खिडकीला रंगीत काच, त्यावर मच्छरजाळी, त्यावर ग्रिल, आत उजेड किती येतो ते दुपारी हात धरून सावली बघा, सावलीची कडा नीट दिसली पाहिजे. डेंड्रोबियम बाल्कनीत वाढवा आणि फुललं की महिनाभर हॉलमध्ये मिरवा.

लहान रोपांच्या बाजूनेही सांगायला हवं कारण मला ती मनापासून आवडतात. लहान रोपाचं प्रत्येक नवं मूळ तुमच्याच घरात, तुमच्याच पाण्यावर, तुमच्याच उजेडात निघतं, त्यामुळे ते एकदा तगलं की मोठ्या आणलेल्या झाडापेक्षा घट्ट बसतं. ते पाचवं रोप आज माझ्याकडचं सगळ्यात निरोगी फॅलेनॉप्सिस आहे. आणि मोठं डेंड्रोबियम घेतलंत तर लहान रोपं विकत घ्यावीच लागत नाहीत, जुन्या काठीच्या शेंड्याला आपोआप पिल्लू फुटतं, त्याला कीकी म्हणतात, हवाई बेटांवरच्या भाषेत कीकी म्हणजे मूल. त्याची मुळं दोन-तीन इंच झाली की काठीपासून काढून दोन इंची कुंडीत लावा, मोठ्या नको, रोपाला कुंडी घट्टच हवी. असं पिल्लू आईच्या अंगावर वाढलेलं असतं, बाटलीतून आलेल्यापेक्षा कितीतरी दणकट. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, वाढीच्या दिवसांत. लहानांना हे चुकवू नका, मोठी एखाद वेळ चालवून घेतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रस्त्याकडेला कधीकधी फांदीसकट ओरबाडून आणलेली जंगली ऑर्किडं विकायला असतात, सीतेची वेणी वगैरे, मोठी जुनी झाडं आणि भाव अगदी कमी. ती घेऊ नका. लोक त्यांना बांडगूळ समजतात पण ती झाडाचा रस शोषत नाहीत, नुसती सालीला धरून राहतात, आणि एकदा मुळं तुटली की घरात बहुतेक वेळा मरतातच. घाटातलं झाड तिथल्या फांदीवर राहू दे.

वेळ म्हणाल तर ऑक्टोबर संपताना घ्या. पाऊस गेलेला असतो, हवा मोकळी असते आणि झाडाला पुढच्या जूनपर्यंत सात महिने बसायला मिळतात. जूनमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी थांबा. तुमची बाल्कनी पश्चिमेची म्हणजे एप्रिल-मेचं तीन वाजल्यानंतरचं ऊन पानं भाजणार, तेव्हा ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी आधीच बांधून ठेवा, आणि पावसात झडीपासून आत पण पंखा किंवा वारा लागेल असं टांगा. मिश्रण विकत आणायची गरज नाही, सोडणाचे इंचभर तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यात कोळसा आणि फुटक्या कौलाचे तुकडे घाला, झालं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात झाडवाले बसतात, तिथे कधीतरी डेंड्रोबियम येतात, पण सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत रोपं उन्हात तापून निघालेली असतात आणि मुळं बघू देण्याएवढी उसंत विकणाऱ्याकडेही उरत नाही.